दौलतचा भांग

फुलसावंगीत कोणी पाहुणा आला की चहाच्या आधी दौलत सदऱ्याची बटणं सोडतो आणि उजव्या खांद्यावरची खूण दाखवतो. "सखारामची कुऱ्हाड," म्हणतो, जावयानं दिलेलं घड्याळ दाखवावं तसं. "तो नुसतं भेव दाखवून राह्यलता. मीच हाललो, म्हून लागलं."

भांडण कशाचं, तर धुऱ्यावरच्या एका बोरीचं. दोघांची शेतं लागून, बोर मधोमध. खुनाच्या प्रयत्नाबद्दल सखारामला दहा वर्षांची शिक्षा लागली. दौलतचा उजवा हात तेव्हापासून खांद्याच्या वर जात नाही.

त्या दिवशी त्याला पुसदच्या दवाखान्यात नेला मी. रक्त दिलं मी. बायको गेलेली, लेक सासरी, म्हणून सहा वर्षं रोज सकाळी त्याचे केस विंचरले तेही मीच. आणि हा गडी आरशात बघून काय म्हणायचा? "वाकडा पाडला बे. लहानपणी सखाराम पाडे, एकदम सरळ."

मी जळत नव्हतो म्हटलं तर खोटं होईल. या माणसाला मी आयुष्यात एक चापट मारली नाही, तीच माझी चूक झाली.

मग त्याला वकिलाचं वेड लागलं. सखारामचं अपील नागपूरला पडून होतं. वकील म्हणाला, हा गुन्हा आपसात मिटत नाही, पण जखमी माणसानंच आमचं पटलं असं लिहून दिलं, तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं. भोगली तेवढी पुरे, असंही म्हणू शकतं. झालं. पानटपरी असो की मयत, दौलतचं एकच पालुपद: "आपला सखाराम बसते त्याच्यात."

शपथपत्राच्या वेळी वकिलानं विचारलं, "कोणाचा दबाव आहे का?"

"हाये ना," दौलत म्हणाला. वकिलाचा पेन थांबला. "सत्तरी आली साहेब. धुऱ्यावर एकटा बसतो. बोरं खाली सडून राह्यली, कोणी भांडाले येत नाही."

"मी असतो ना रे," मी म्हणालो. मला फार लागलं ते.

"तू असतं. पन तू माह्या हरेक गोष्टीले हो म्हनतं."

कोर्टानं शिक्षा कमी केली. सुटकेच्या दिवशी तुरुंगाच्या दारात दौलतनं माझा सदरा मुठीत धरला. "भेव लागून राह्यलं बे. तू बाजूलेच राह्यजो." खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

सखाराम बाहेर आला, पार वाळलेला. वाऱ्यानं दौलतचे केस विस्कटले. सवयीनं त्यानं उजवा हात उचलला, तो खांद्याशी अडला. सखाराम त्या हाताकडे बघत राहिला. मग त्यानं माझ्याकडून कंगवा मागून घेतला आणि दौलतचा भांग पाडला. दौलत डोळे मिटून उभा होता.

"आता कसा सरळ पडला. नाही बे?" दौलतनं मला विचारलं.

पार वाकडा होता. मी हो म्हणालो.