खोब्रागड्यांची दाढ आणि मेहंदीरत्तांचं बेसिन

दंतवैद्याच्या तोंडून ‘रूट कॅनाल’ हे शब्द निघाले, त्याच क्षणी प्रफुल्ल खोब्रागडेची दाढ दुखायची थांबली. दवाखान्याच्या दारापर्यंतच थांबली, पण तेवढा वेळ त्याला पळ काढायला पुरला. दिल्लीतल्या एका केंद्रीय मंत्रालयातला हा सेक्शन ऑफिसर भल्याभल्या साहेबांशी फायलीवरून भांडायचा. सुई पाहिली की मात्र तो दार शोधायचा.

त्यानंतरच्या रविवारी गुरुग्रामहून त्याचा मेहुणा अतुल जेवायला आला. प्रफुल्ल एकाच गालाने भात चावतोय हे त्याने पाहिलं.

“भाऊजी, ड्रिलिंग-बिलिंग सब बेकार आहे यार. आमच्या टॉवरमधले सगळे आता नॅचरल करतात. रोज सकाळी तोंडात खोबरेल धरायचं, खळखळवायचं, थुंकायचं. आणि पेस्ट घरीच बनवायची. बिल्कुल सोपं!”

“दाढ किडली आहे,” प्रफुल्लची बायको समता म्हणाली. “तेल लावून ती परत उगवणार आहे का?”

पण बुडत्या माणसाला समताचं बोलणं ऐकू येत नाही. दुसऱ्याच दिवशी प्रफुल्लने हळद, खाण्याचा सोडा, लवंगेची पूड, कडुनिंबाची पूड आणि खोबरेल एकत्र कालवून बरणी भरली. मुलगी श्रावस्ती दिल्लीतच वाढलेली. तिने झाकण उघडून वास घेतला.

“बाबा, हे टूथपेस्ट आहे की कढी?”

“औषध आहे. आणि सकाळी मला हाक मारायची नाही. मी गुळणी धरलेली असते.”

“गुळणी म्हणजे? गुड़ का कुछ?”

प्रफुल्लने बरणीचं झाकण लावलं. आधीच दाढ ठणकत होती, त्यात मातृभाषेचं दुःख कुठे काढत बसायचं?

अडचण होती ती जानेवारीची. नागपूरला त्याच्या आईकडे खोबरेल बाटलीतून सरळ ओतता यायचं. दिल्लीच्या थंडीत ते दगड होऊन बसलं होतं. प्रफुल्ल चमच्याने त्याचा खडा उकरायचा, तोंडात घोळवून वितळवायचा आणि डोळे मिटून घराभर फिरायचा. समताने बजावलं होतं की तेल कागदात थुंका आणि कचऱ्यात टाका. ते त्याला ओंगळ वाटायचं. तो आपला बेसिनमध्ये थुंकून नळ सोडायचा. तोंडात पातळ झालेलं तेल थंडगार पाइपात उतरलं की पुन्हा घट्ट होतं, हा विचार विज्ञानाच्या या भक्ताच्या मनाला शिवला नाही.

भक्त हा शब्द उगाच वापरलेला नाही. मयूर विहारच्या त्या सोसायटीत प्रफुल्लची ख्यातीच तशी होती. कोणीतरी लिफ्टच्या दाराला लिंबू-मिरची बांधली, तेव्हा त्याने ते लिंबू सर्वांदेखत सोडून घरच्या पोह्यांवर पिळलं होतं. दरवर्षी एप्रिलमध्ये तो सोसायटीच्या हॉलमध्ये अंधश्रद्धेवर भाषण द्यायचा, आणि नंतर समोसे असल्यामुळे लोक ते शेवटपर्यंत ऐकायचे.

एका रविवारी सकाळी तो असाच तोंडात तेल धरून फिरत असताना बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे मेहंदीरत्ता उभे. त्यांच्या मुलीचा त्या दिवशी रोका होता, म्हणजे लग्न पक्कं करायचा समारंभ. सूट घातलेला, पण पायांत स्लिपर आणि चेहरा पांढराफटक.

“खोबरागड़े जी, जल्दी नीचे चलिए. आप साइंस वाले आदमी हैं. मेरी मिसेज़ को समझाइए, किसी की नहीं सुन रही.”

उत्तर द्यायचं तर तोंड रिकामं हवं. बेसिन आत होतं. प्रफुल्लने ते तेल गिळलं, आणि डोळ्यांतून पाणी काढत तो खाली गेला.

मेहंदीरत्तांच्या दिवाणखान्यात झेंडूच्या माळा लटकत होत्या आणि त्यांच्याखाली बायका कुजबुजत होत्या. कोपऱ्यातल्या हात धुवायच्या बेसिनपाशी मिसेस मेहंदीरत्ता छातीवर हात ठेवून उभ्या होत्या. बेसिन काठोकाठ भरलं होतं. पाणी पिवळंधमक होतं, त्यावर पांढरट गोळे तरंगत होते आणि लवंगेचा घमघमाट सुटला होता.

“देखिए भाईसाहब! हल्दी, लौंग, नीम! बेटी के रोके के दिन! और क्या चाहिए टोने में?”

प्रफुल्लने वाकून पाहिलं आणि तो एक पाऊल मागे सरकला. तो आपली पेस्ट ओळखत होता. वरून खाली जाणारा सामायिक पाइप खाली कुठेतरी त्याच्याच तेलाने बुजला होता, आणि त्याची रोजची गुळणी आता मेहंदीरत्तांच्या घरात प्रकट होत होती.

“वैज्ञानिक दृष्टि से देखा जाए तो,” त्याने घसा खाकरला, “पाइप चोक है.”

“पाइप से हल्दी कहाँ से आई?”

यावर विज्ञानाकडे उत्तर होतं, पण वैज्ञानिक वाकून नळ तपासू लागला.

तेवढ्यात मिसेस मेहंदीरत्तांची नजर त्यांच्या मोठ्या जावेकडे वळली. ती आदल्या दिवशीच पानिपतहून आली होती, आणि या बेसिनवर शेवटचे हात तिनेच धुतले होते. सगळ्या बायकांच्या माना तिच्याकडे वळल्या. बोलायची गरजच उरली नाही. ती म्हातारी बाई ताडकन उठली.

“मैंने इस बच्ची को गोद में खिलाया है. मुझ पर शक? मैं पानीपत जा रही हूँ. अभी!”

ती आतल्या खोलीत जाऊन बॅग भरू लागली. मेहंदीरत्ता मटकन खाली बसले. मुलाकडची मंडळी गुरुग्रामहून निघाली होती, आणि घरातली मोठी बाई रडत निघून गेली तर रोका कसला नि काय कसलं! नटलेली नवरी मुलगी दारात उभी राहून हुंदके देत होती.

प्रफुल्लला वाटलं, जमीन दुभंगावी. पण जमिनीखालीही मेहंदीरत्तांसारखंच कुणाचं तरी घर होतं. त्याने डोळे मिटून घेतले.

“भाभीजी, यह मेरा है.”

“क्या आपका है?”

“यह सब. मैं दाँतों पर हल्दी लगाता हूँ. तेल मुँह में घुमाकर बेसिन में थूकता हूँ.”

मिसेस मेहंदीरत्तांचे डोळे भरून आले. “देखा? कितने शरीफ़ आदमी हैं! हमारे घर की इज़्ज़त के लिए इल्ज़ाम अपने सिर ले रहे हैं. इतना बड़ा अफ़सर ऐसा गंदा काम करेगा क्या?”

“करता है,” प्रफुल्ल रडवेल्या आवाजात म्हणाला. “सच में करता है!”

कोणी ऐकेना. आतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. प्रफुल्ल धावत वर गेला.

“अहो, बरणी घेऊन कुठे निघालात?” समताने विचारलं.

“पुरावा द्यायला.”

“काय सांगत होते मी? कागदात थुंका म्हणून!” म्हणत तीही मागोमाग उतरली.

दिवाणखान्याच्या मधोमध, झेंडूच्या माळांखाली, भारत सरकारच्या त्या अधिकाऱ्याने बरणीत ब्रश बुडवला आणि सगळ्या मेहंदीरत्ता खानदानासमोर दात घासायला सुरुवात केली. पानिपतची जाऊ दारात आली. तिने बेसिनकडे पाहिलं, मग प्रफुल्लच्या ओठांवरून ओघळणाऱ्या पिवळ्या लाळेकडे पाहिलं. रंग तोच होता, वासही तोच. तिने बॅग खाली ठेवली. धाकट्या जावेने तिच्या गळ्यात पडून मोठ्याने गळा काढला.

आणि नेमकं तेव्हाच मिठाईची ताटं घेऊन मुलाकडची मंडळी आत आली.

सगळ्यात पुढे होता नवरा मुलगा, अंशुमन. त्याने ब्रश हातात घेतलेल्या, हनुवटीपर्यंत पिवळ्या झालेल्या माणसाकडे पाहिलं. मग त्याच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं. त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला.

“अंकल, ज़रा मुँह खोलिए.”

“आमचे जावई डेंटिस्ट आहेत” हे मेहंदीरत्तांनी हिंदीत आणि फार अभिमानाने सांगितलं. प्रफुल्लला पळायला जागा नव्हती. दारात मिठाईची ताटं होती. अंशुमनने मोबाइलचा टॉर्च आत मारला आणि मान हलवली.

“रूट कैनाल का टाइम निकल गया, अंकल. अब तो दाँत निकालना पड़ेगा. आज ही. मेरा क्लिनिक पास में है, लड्डू खाकर सीधे चलते हैं. आप तो अब घर के आदमी हैं!”

“चलो, एकदाचं सुटलं,” समता म्हणाली.

रोका झाला. लाडू वाटले गेले. दात काढायचा म्हणून एकट्या प्रफुल्लला मिळाला नाही. अंशुमनने गाडीची किल्ली उचलली तेव्हा प्रफुल्लने जवळची खुर्ची गाठली आणि तिचे दोन्ही हात घट्ट धरून तो बसला. मिसेस मेहंदीरत्तांना त्याची फार दया आली.

“हाय, किसी की नज़र लगी है भाईसाहब को,” म्हणत त्या मूठभर लाल मिरच्या घेऊन आल्या. मग एकदम थबकल्या. “पर आप तो यह सब मानते नहीं...”

प्रफुल्लने दाराकडे पाहिलं. अंशुमन किल्ली फिरवत उभा होता. प्रफुल्लने मान पुढे केली. मिरच्या त्याच्या डोक्यावरून सावकाश फिरल्या, मग खांद्यांवरून, मग सुजलेल्या गालावरून. तेवढा वेळ त्याला कोणी ऊठ म्हटलं नाही.

ओवाळून झालं. मिसेस मेहंदीरत्ता मिरच्या जाळायला गॅसकडे वळल्या.

“भाभीजी,” प्रफुल्ल हळूच म्हणाला, “एक बार और उतार दीजिए ना. मुझे बहुत पुरानी नज़र लगी है.”