टेलला पोचलं का?

आमच्या देवळाली प्रवऱ्यात कुठल्याही लग्नात पंगत बसली की कारभारीतात्या वाढायला उभे राहतात. बुंदीचं भांडं घेतात आणि थेट शेवटच्या पानापाशी जातात. तिथून उलटे वाढत येतात. पहिल्या पानांवर बसलेले पुढारी आणि नवरदेवाचे मामा नुसता भात चिवडत बसतात. एकदा वरपक्षाच्या एक आत्याबाई चांगल्याच तापल्या, तेव्हा तात्या शांतपणे म्हणाले, "आत्याबाई, हेडला काय, कवाबी मिळतंय. तिकडं टेलला मानूस वाट बघतंय."

तात्या जन्मभर पाटकरी होते. म्हणजे कालव्याची दारं उघडायची, लावायची आणि ज्याची पाळी त्याच्या शेतात पाणी गेलं का ते बघायचं. हेड म्हणजे चारीचं, कालव्यातून शेतांकडे नेलेल्या पाटाचं, तोंड आणि टेल म्हणजे तिचं शेपूट. आधी टेलवाल्याला पाणी द्यायचं, मग वर वर येत हेडवाल्याला, असा तिथला नियम. नियम सगळ्यांनाच माहीत असतो, तात्यांच्या तो अंगात मुरला आहे. निवृत्त झाल्यावर कालवा हातचा गेला, म्हणून आता ते तो उरलेल्या जगाला लावतात. पेपर शेवटच्या पानापासून वाचतात. आरतीनंतरचा प्रसाद दाराबाहेर चपलांपाशी उभे असलेल्यांपासून वाटतात. देव आणि भटजी सगळ्यात शेवटी.

मी त्यांच्या शेजारी राहते आणि हायस्कूलमध्ये कॉम्प्युटर शिकवते. एका सकाळी कुंपणापलीकडून हाक आली, "बाई, पानी बंद पडलंय!" मी आमचा नळ सोडून पाहिला, पाणी धो धो येत होतं. तसं सांगितलं तर तात्या म्हणाले, "नळाचं न्हाई वो. लॅपटापचं!"

लॅपटॉपची कथा अशी. तात्यांची थोरली बहीण अक्का आमच्याच जिल्ह्यातल्या कर्जतकडे दिली आहे. तिला अलीकडे अजिबात ऐकू येत नाही, त्यामुळे फोनवर बोलायची सोय नाही. पण ओठ बघून तिला सगळं कळतं. तात्यांकडे आहे बटणांचा फोन, त्यात कसले ओठ दिसणार? म्हणून अक्काच्या नातवाने आपला जुना लॅपटॉप तात्यांना आणून दिला. जुन्या यंत्राला झेपेल म्हणून त्यात लिनक्स नावाची हलकी सिस्टीम घातली, घरात वायफाय बसवून दिलं, दर गुरुवारी बोलायचं ठरवून दिलं आणि तो पुण्याला निघून गेला. पहिल्या गुरुवारी बहीणभावांनी एकमेकांना डोळे भरून पाहिलं. दुसऱ्या गुरुवारी लॅपटॉप नेटला जोडलाच जाईना. तिकडे अक्का सुनेच्या मोबाईलपुढे बसून राहिली आणि शेवटी न जेवता झोपली, असा निरोप आला.

"येत्या गुरवारपत्तूर चालू व्हायला पायजे," तात्या म्हणाले. "ती पुन्हा बसंल वाट बघत."

मी माझ्या शिस्तीने, जिथून नेट येतं त्या राउटरकडे वळले. तात्यांनी मला अडवलं. "बाई, टेलकडनं चालत या."

"तात्या, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"आडात लई हाय. तुमी पोहरा बघा."

मी हट्टाने राउटर तपासला. माझा मोबाईल त्यांच्या वायफायवर चुटकीसरशी जोडला गेला. म्हणजे आडात खरंच होतं. मग लॅपटॉपकडे वळले. त्यातलं वायफाय पकडणारं नेटवर्क कार्ड मेलं असेल असं वाटलं, पण लिनक्सला विचारलं तर त्याने कार्डाचं नाव, गाव, कंपनी सगळं सांगितलं. तात्या खुर्चीमागे उभे राहून पडदा न्याहाळत होते.

"वळखतंय का त्याला?"

"ओळखतंय. पण बोलत नाही."

"भावकी हाय मंग," तात्या म्हणाले आणि चहा टाकायला गेले.

मला आता चेव चढला होता. कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, बिघडला असणार, अशी माझी खात्री झाली. मोबाईलवरून नवीन ड्रायव्हर उतरवला, केबलने लॅपटॉपमध्ये घातला. काही नाही. तो काढून जुना घातला. तरी ते ताकास तूर लागू देईना. तात्या मध्येमध्ये डोकावून विचारत, "कुठवर आलं?" मी म्हणायची, "कार्डापर्यंत आलंय." ते मान हलवत. एकदा तर त्यांनी लॅपटॉपच्या बाजूच्या फटीत फुंकर मारली, गाळ अडकला असेल म्हणून. मी हसले, पण ते गेल्यावर मीही एक फुंकर मारून पाहिली.

गुरुवार उजाडला. संध्याकाळी मी जरा घाबरतच त्यांच्याकडे गेले. तात्या इस्त्रीचा सदरा घालून, केसांना तेल लावून बसले होते. आता उरलं होतं ते सगळ्यात साधं, म्हणून मी तोवर न विचारलेलं. कार्ड कोणी अडवून तर ठेवलेलं नाही ना, एवढंच लिनक्सला विचारलं. त्याने सरळ सांगितलं की कार्ड चांगलं आहे, ते बंद करून ठेवलेलं आहे.

"तात्या, ही खुणेची कळ तुम्ही दाबली होती का?" वायफाय चालू-बंद करायची ती कळ होती.

"व्हय. पोरगं म्हनलं हुतं, ह्यानं नेट बंद हुतं. अक्काचं बोलून झालं, पाळी संपली, मंग दार लावलं. पाळी संपल्यावर दार उघडं टाकनारा पाटकरी मी न्हाई."

"मग पुन्हा उघडलं का नाही?"

तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सरकारी नियमच मोडायला सांगत होते. "उघडायचा हुकूम वरनं येतो, बाई. मला वाटलं, मशीन चालू केलं की त्येच उघडंल."

बिचाऱ्या लिनक्सने मात्र पाटकऱ्याचा शब्द पाळला होता. कितीदा बंद करून चालू केलं तरी त्याने दार लावलेलंच ठेवलं. मी कपाळावर हात मारला आणि कळ दाबली. कोपऱ्यातली वायफायची खूण उमटली.

तात्या हसले नाहीत. पडद्याकडे बघत हळूच म्हणाले, "अक्काचं रान पार टेलला हाय. तिकडचा कालवा माझ्या हाताखाली नव्हता. हितं मी जनमभर परक्या मानसांच्या टेलला पानी पोचवलं, पन तिच्या बांधापत्तूर कवा आलंच न्हाई. दर दिवाळीला ती इचारायची, 'कारभारी, आमच्याकडं कवा सोडतूस रं?' मी आपला हसून बाजूला व्हायचो."

पंगतीत शेवटच्या पानाकडे निघालेले तात्या मला आठवले.

तेवढ्यात पडद्यावर अक्का आली. पदर डोक्यावर, डोळे बारीक केलेले. तात्या पुढे वाकले आणि तिला ओठ दिसावेत म्हणून एकेक शब्द सावकाश म्हणाले, "अक्का, पोचलं का?"

म्हातारी क्षणभर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग खुदकन हसली. "पोचलं रं, कारभारी. पोचलं."

नंतर ती दोघं बराच वेळ कालवणाबद्दल आणि गुडघ्यांबद्दल बोलली. बोलणं संपल्यावर तात्यांचं बोट सवयीने त्या कळीवर गेलं. त्यांनीच बोट मागे घेतलं.

"ऱ्हाऊ द्या उघडं," ते म्हणाले. "तिला मधीच कवा आठवन आली तर?"