काउंटेस द सोर्वी यांची कासवावरील मोहीम

राजमान्य रसिक मंडळींचे सेवेसी, सन सोळाशे सत्त्याण्णवी पारीस शहरीं पलंगापाशी जो संग्राम जाहला त्याची हकीकत साद्यंत लिहितो. सेवक तेथे लेखनाचे कामावर हजर होता. ऐकीव एक अक्षर नाही.

मादाम द ब्रेवाल या थोर मातबर बाई दर गुरुवारी पलंगावर उशांस टेकोन दरबार भरवीत, आणि पलंग व भिंत यांमधील गल्लीत खाशा बायका बसोन परीकथा सांगत. दस्तूर ऐसा की कथा जागीच सुचली ऐसे दिसावे. तयारी उघडी पडली तर अब्रू गेली. तयारी सर्वच करीत, हेही सर्वांस ठाऊक. ते गुरुवारी सरस ठरेल ती कथा सांगणाराचे नावे छापावी, ऐसा हुकूम सुटला. मग काउंटेस द सोर्वी, पंधराव्या वर्षी साठीच्या काउंटास दिलेल्या आणि आजवर त्यांचेच नावे ओळखल्या गेलेल्या, यांणी कंबर बांधिली, आणि आठ दिवस आरशापुढे कथेची कवाईत केली. परंतु दासी फितूर जाहली, आणि आबे गिशार नामे गोडबोले धर्मगुरू यांस कथा पोचली, आणि त्यांणीच आधी तोंड उघडिले: कासव जाहलेला राजपुत्र, राजकन्येने पाठीवर घेतलेला मुका, शाप खलास, लग्न, दारूकाम. काउंटेस पांढऱ्या पडल्या. चोर म्हणावे तर तयारी कबूल होते. आम्हांस बहुत वाईट वाटले.

इतक्यांत पलंगावरोन सवाल आला, "मग पुढं?"

"पुढं काय असायचं, मादाम? सुखानं नांदली," आबे बोलिले. आबे ब्रह्मचारी, येथेच त्यांची फौज फसली.

काउंटेस पंखा मिटोन म्हणाल्या, "चार महिने नांदली. मग तो जेवायला बसला की मान आत घ्यायला लागला. ती परीकडं गेली, म्हणाली, शाप परत आला वाटतं. परी म्हणाली, नाही गं बाई, शाप कधीच गेला. हा त्याचा स्वभाव आहे."

आधी एक बाई हसल्या, मग दहा, आणि एकीने हसता हसता डोळे पुसिले. कथा काउंटेसची, ऐसा निवाडा जाहला, आणि आबे हॅट काखेत घेऊन जिन्याचे वाटेने पिछेहाट करते जाहले.

मग सेवकाने दौत उघडोन पुसिले की नाव काउंटसाहेबांचे घराण्याचे घालावे की कसे.

"नुसतं माझं नाव लिहा, आर्माँद," बाई म्हणाल्या.

तैसे लिहिले, शाई सुकावी म्हणोन वर वाळू टाकिली, आणि फत्ते जाहली ऐसे नमूद केले.