धुळीची शिंक

मोर्शीहून आलेल्या मनकर्णाबाईंच्या पत्राला गोवर्धनरावांनी उत्तर दिलंच नव्हतं. थोरल्या बहिणीला फोनवर ऐकू येत नसे, म्हणून ती अजून पत्र लिही. ‘साधनाच्या पोरीले पाहाले केव्हा येऊ? मले खोकला हाय. कळव.’ नको म्हटलं तर बहीण दुखावणार, ये म्हटलं तर नातीच्या जिवाला घोर. शब्द जुळवता जुळवता उत्तर राहूनच गेलं.

नात दीड महिन्याची, तीही दिवस भरण्याआधी झालेली. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, “मोठ्यांची साधी सर्दी एवढ्याशा बाळाच्या छातीत उतरते. सर्दी-खोकलावाला कोणीही जवळ नको. दूध ओढेना, धाप लागली, तर तसंच इथं घेऊन यायचं.”

गोवर्धनरावांनी निश्चय केला. ग्रंथालयाच्या नोकरीत गोंगाट करणाऱ्यांना ‘शांतता राखा’ची पाटी फक्त बोटाने दाखवत आलेला हा माणूस, सकाळीच दारात खुर्ची टाकून बसला. जुनं पुस्तक उघडलं आणि शिंकला.

“सर्दी झाली का तुमाले?” त्यांच्या पत्नी कौशल्याबाईंनी आतून विचारलं.

“छे! पुस्तकाची धूळ.”

पहिल्या आल्या शेजारच्या इंदूबाई, नाक पुसत. “लेकराले पायतो जरा.”

‘नको’ ओठांपर्यंत आलं आणि तिथेच बसलं. “ते... बाळाले जरा बरं नाही,” ते बोलून गेले. इंदूबाई आल्या पावली परतल्या. युक्ती इतकी सोपी असेल, असं त्यांना वाटलंच नव्हतं.

पण धडधाकट बाळाला उद्या पाहिलं तरी चालतं. आजारी बाळाला भेटायला गेलं नाही तर जन्मभर बोल लागतो. दुपारी सगळी गल्ली दारात. इंदूबाईंच्या हातात ओव्याची पुरचुंडी, फुलं विकणारे नत्थुजी निखाऱ्यांचं घमेलं घेऊन.

“धुरी द्या जी, छाती मोकळी होते,” नत्थुजी खोकत म्हणाले.

“धूर नको. अन् नत्थुजी, तुमाले तर खोकला हाय.”

“हा? हा तर धुराचा हाय!”

आत बाळ रडायला लागलं. “बाबा, कोनाले आत सोडू नका!” साधना ओरडली. गोवर्धनरावांनी दोन्ही हात चौकटीला लावले. “कोणी आत जायचं नाही!” ते आपल्या परीने गरजले.

“काय म्हनता जी?” इंदूबाईंनी कान पुढे केला.

तरी त्यांनी चौकट सोडली नाही. तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला आणि संत्र्यांची थैली घेऊन मनकर्णाबाई उतरल्या. गोवर्धनराव चौकटीतूनच पुटपुटले.

“बाई, तुले तर... खोकला...”

“खोकला कवाच गेला. तुयं उत्तर नाई आलं, तवाच समजली. बरी झाली, मंग आली.” मग त्या गर्दीकडे वळल्या. “अन् तुमी इथं दुखणं पाहाले आले का द्याले? निघा समदे! पोरगी मोठी झाली का जेवाले बलावतो.”

“बोलावणं पक्कं ना?” नत्थुजींनी घमेलं उचललं. कोणाला राग आल्याचं काही दिसेना.

मनकर्णाबाईंनी नळावर कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. सुटकेचा श्वास टाकत गोवर्धनराव त्यांच्या मागून आत शिरले आणि शिंकले.

“धूळ,” ते म्हणाले.

“पुस्तक कुठीसा हाय?”

पुस्तक बाहेर खुर्चीवर होतं. मनकर्णाबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावला. “बह्याडा, तापला हायेस तू! लेकराले घेतलं का?”

“नाही. इवलीशी आहे, भीतीच वाटते. अजून हातातच घेतली नाही.”

“तुयं भेणं पहिल्यांदा कामी आलं.” त्यांनी मोर्शीच्या घराची किल्ली भावाच्या हातात ठेवली आणि हात पुन्हा धुतले. “तोंडाले रुमाल बांध अन् मोर्शीले जाय. नाक कोरडं होईस्तोवर येऊ नको.”

मोर्शीत ताप उतरला, शिंका मात्र चालूच राहिल्या. साधनाचा फोन आला, “पोरगी मस्त दूध पिऊन राहिली, बाबा.” मागून मनकर्णाबाईंचा आवाज येत होता, दारातून कोणाला तरी हाकलणं चाललं होतं.

गोवर्धनराव बहिणीच्या ओसरीवर लिहायला बसले. या वेळी काही खोडलं नाही.

‘ती. बाईस सा. नमस्कार. पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला. नातीला पाहायला अवश्य ये. मला सर्दी आहे. मी केव्हा येऊ? कळव.’

पाकिटावर त्यांनी स्वतःच्याच घरचा पत्ता लिहिला, तोंडाला रुमाल बांधला आणि पत्र पेटीत टाकून आले.