ऑफसाइडच्या रेघेवर आई

"माझ्या बाजूने मुंगीसुद्धा पलीकडे जात नाही, आई! मुंगीसुद्धा!"

नाश्त्याच्या टेबलावर मूठ आपटून आमचा अडसर हे बोलला आणि चहाचे कप खडखडले. अडसर म्हणजे परदेशातल्या एका फुटबॉल क्लबचा बचावपटू. चांगला दांडगा गडी! गोल करणं हे त्याचं काम नाही, दुसऱ्याला करू न देणं हे त्याचं काम. दाराला आतून दांडा आडवा लावावा तसा हा गोलपुढे उभा असायचा, म्हणून क्लबातल्या गड्यांनी त्यांच्या भाषेत त्याचं हे नाव पाडलेलं.

"काल दूध उतू गेलं तेव्हा हाच अडसर गॅसपाशी उभा होता," त्याची बायको म्हणाली.

अडसराने तिकडे साफ दुर्लक्ष केलं. त्याच्या डोक्यात दुसराच घोर होता. क्लबबरोबरचा करार संपत आला होता, वय काही कमी होत नव्हतं, गुडघे जिना चढताना कुरकुरत होते. मिशीवाल्या कोचने तर तोंडावर सांगितलं होतं, "आजची मॅच बघतो. मग ठरवतो, ठेवायचं की नारळ द्यायचा!" नारळ मिळाला की बिऱ्हाड गुंडाळून घरी! आणि नेमकी आजच आई त्याला पहिल्यांदा खेळताना बघणार होती.

आई म्हणजे शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेली बाई. सगळी नोकरी झाली, पण तिने कधी शिट्टी वापरली नाही. गरजच पडली नाही!

"आता नीट बघ हं," अडसराने कप एका रांगेत मांडले. "हे आम्ही चौघं. हा साखरेचा डबा म्हणजे त्यांचा माणूस. त्याच्याकडे बॉल मारणार, तेवढ्यात आम्ही चौघं एकदम पुढे सरकायचं. तो राहिला एकटा आमच्या मागे! लगेच रेघेवरच्या पंचाचा झेंडा वर. ऑफसाइड! त्याने गोल मारला तरी फुकट."

आईने कपांकडे बघितलं, डब्याकडे बघितलं.

"म्हणजे चोर आला की त्याला घरात सोडायचं आणि घरच्यांनी बाहेर पळायचं?"

"तसं नाही गं..."

"आणि पोलीस येऊन चोरालाच विचारणार, तू आत एकटा कसा?"

"हो! म्हणजे नाही... म्हणजे हो, तसंच!"

"कुणी शिकवलं रे तुला हे?" आई म्हणाली आणि कप उचलून विसळायला घेऊन गेली.

मॅच सुरू झाली. आई आणि सूनबाई अगदी पुढच्या रांगेत. समोरच्या संघात एक टकल्या होता. भलताच चपळ! त्याच्याकडे बॉल जाणार हे ताडून अडसराने नजरेनेच बाकी तिघांना खूण केली. चौघांचे पाय पुढे पडणार, एवढ्यात मागून हाक आली.

"सोन्या! मागे हो! घर उघडं टाकून कुठे निघालास?"

आता मंडळी, अडसराच्या डोक्याला डावपेच पाठ होता. पण पायांना कोण सांगणार? ते पाय त्या हाकेवरच वाढलेले! बाकीचे तिघे पुढे गेले आणि हा पठ्ठ्या दोन पावलं मागे येऊन, टाचा जुळवून, उभा. त्याच्यामुळे टकल्या ऑफसाइड झालाच नाही. झेंडा खालीच राहिला आणि टकल्याने आरामात, बाजारात निघाल्यासारखं जाऊन, गोल मारला.

"कोण ओरडतेय ती बाई?" उंच गोलकीपरने विचारलं.

"मला काय माहीत! असेल कुणीतरी."

"तुला हात करतेय."

"वेडी असेल."

"नाक तुझ्यासारखंच आहे पण," गोलकीपर म्हणाला.

मध्यंतरात कोचने दार असं लावलं की खुंट्यांवरचे टॉवेल खाली पडले. "दोन मोसम मी इथे घसा फोडतोय! एकदा तरी ऐकलंस माझं? आणि तिकडून एक बाई हाक मारते तर तू सावधान? कोण आहे ती?"

"आई," अडसर बुटांकडे बघत म्हणाला.

कोचची मिशी थरथरली. मग हळूहळू त्या मिशीखालून हसू फुटलं.

"आणा तिला खाली! माझ्या शेजारी बसवा!"

आईला खाली आणलं. सूनबाई दुभाषी. कोचचं म्हणणं सोपं होतं: मी हात वर केला की हिने 'पुढे हो' म्हणायचं.

"मुळीच नाही!" आई म्हणाली. "चोराला घरात घ्यायच्या कामात मी सामील होणार नाही. सांग त्यांना."

सूनबाई तिच्या कानाशी वाकली. "आई, आज आणखी गोल झाला ना, तर यांची नोकरी जाणार."

आईचा चेहरा एकदम उतरला. मुलाकडे तिने एकदा बघितलं. मैदानात तो गुडघा चोळत उभा होता.

"अगं, मग आधी नाही का सांगायचं?" ती म्हणाली आणि तिने बाह्या सरसावल्या.

आणि मग काय विचारता! "पुढे होऽऽ, सोन्या!" अशी आरोळी घुमली आणि अडसर सुसाट पुढे. बाकी तिघांना आपल्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तेही निमूट पुढे. टकल्या मागे एकटा. झेंडा वर! पुन्हा बॉल, पुन्हा आरोळी, पुन्हा झेंडा! टकल्या पंचाशी भांडून भांडून लाल झाला. तोवर आमच्या लोकांनी तिकडे दोन गोल ठोकले. कोचने स्वतःची खुर्ची आईला दिली आणि आपण उभा राहिला. आता तो हातही वर करत नव्हता. बाईंना कळत होतं!

मॅच संपत आली. जिंकल्यातच जमा! टकल्या बॉलमागे गोलपाशी घुसला आणि कुणी हात न लावता धाडकन आडवा पडला. गडगडा लोळायला लागला. हे त्याचं नेहमीचंच. पंचानेही लक्ष दिलं नाही, खेळ चालूच राहिला.

"अगंबाई! लेकरू पडलं की! सोन्या, उचल त्याला!"

"काय म्हणाली? काय म्हणाली?" कोचने सूनबाईचा दंड धरला. पण उशीर झाला होता. अडसर वाकला होता. टकल्याच्या दोन्ही काखांत हात घालून त्याने त्याला अलगद उचललं. टकल्या इतका दचकला की विव्हळायचं विसरला.

पंचाने काय बघितलं? गोलच्या तोंडाशी समोरच्या माणसाला दोन्ही हातांनी कवटाळलेला बचावपटू! शिट्टी. पेनल्टी. गोल. मॅच बरोबरीत.

"बघ, मघाशी किती कळवळत होता. आता कसा नाचतोय!" आई समाधानाने म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अडसर कोचच्या खोलीत गेला तो नारळ घ्यायच्या तयारीनेच. कोच मिशी चावत बसला होता.

"करार वाढवतोय. तुझ्यासाठी नाही, त्या आवाजासाठी. पण बाई मैदानात नकोत! नुसता आवाज पाहिजे."

अडसराच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. त्याच संध्याकाळी सूनबाईने स्वयंपाकघरात आईचा आवाज मोबाइलमध्ये भरला आणि कोचला पाठवून दिला. आई मायदेशी परत गेली. जाताना लेकाच्या तोंडावरून हात फिरवून गेली.

पुढच्या मॅचला कोच भोंगा घेऊनच आला. भोंग्याला मोबाइल लावायचा, बटण दाबायचं. "पुढे होऽऽ, सोन्या!" की चौघे पुढे, झेंडा वर! अडसर नुसता हवेत तरंगत होता. त्याच्या बाजूने मुंगीसुद्धा गेली नाही.

शेवटी शेवटी मात्र कोचचा अंगठा बटणावरून घसरला आणि आवाज पुढे चालूच राहिला.

"पुढे होऽऽ, सोन्या!... झालं का गं? बंद केलंस? बरं. थांब, थांब, एक राहिलं. सोन्या, जेवलास का रे?"

भरलेल्या मैदानावर आईचा आवाज घुमला. बॉल, कोच, करार, सगळं विसरून अडसर भोंग्याकडे वळला आणि खड्या आवाजात म्हणाला,

"हो आई! जेवलो!"

तेवढ्यात त्याच्या बाजूने काहीतरी सुर्रकन पलीकडे गेलं. मुंगी नव्हती, एवढं नक्की!