जलप्रतिमेचा पेपर

बाळांनो, चुळबूळ थांबवा आणि ऐका. एका जंगलात अजून शाळा पोचली नव्हती, पण क्लास पोचला होता.

क्लास होता शेपटे सरांचा. शेपटे सर म्हणजे तळ्याकाठच्या जांभळावर राहणारं वानर. पूर्वी त्यांचं काम साधं होतं. उंच फांदीवर बसायचं आणि वाघ दिसला की बोंब ठोकायची. खाली चरणारी चितळं ती ऐकून पळायची. कधी चितळांना आधी वास आला, तर ती ओरडायची आणि सर शेंड्यावर चढायचे. यात कुणाला गुण मिळत नसत. नुसता जीव वाचायचा.

एवढ्यावर हुशार प्राण्याचं समाधान होत नाही. एके दिवशी सर म्हणाले, "दुसऱ्याच्या ओरडण्यावर किती दिवस जगणार? पाडसांची निरीक्षणशक्ती वाढली पाहिजे!" आणि त्यांनी ओल्या चिखलात काटकीने आकृत्या काढायला सुरुवात केली.

चार आकृत्या, त्यातली वेगळी ओळखा. सुरुवातीला तीन त्रिकोण आणि एक चौकोन, असं सोपं असायचं. मग त्रिकोणात ठिपका आला, ठिपक्याभोवती गोल आला, गोलाला वाकडी शेपटी फुटली. मग आली जलप्रतिमा, म्हणजे तीच आकृती पाण्यात उलटी कशी दिसेल ते. पाडसं तळ्यावर पाणी प्यायला विसरली. ती आता उत्तर तपासायला यायची.

कळपाने नवा नियमही केला. ज्याला जास्त गुण, त्याने कळपाच्या मधोमध उभं राहायचं. ज्याला कमी, त्याने कडेला, झुडपांच्या बाजूला. झुडपांच्या बाजूला काय असतं, ते तुम्हाला मोठे झालात की कळेल. झालात तर.

कस्तुरा नावाच्या चितळीची लेक मंजिरी आकृत्यांत कच्ची होती. जलप्रतिमेत तिची शेपटी हमखास चुकायची. त्यामुळे पोर रोज कडेला. कस्तुरा तिला घेऊन चिखलातल्या आकृत्यांपुढे बसायची.

"अगं, नीट बघ ना! हा कोपरा इकडे आहे, तो तिकडे."

"आई, दोन्ही कोपरेच आहेत."

"असली उत्तरं दिलीस तर जन्मभर कडेला चरशील!"

मग मंजिरी रडायची. मग कस्तुराही रडायची. मग दोघी नाक पुसून पुन्हा आकृत्यांना बसायच्या. असं करता करता मंजिरीला थोडं थोडं जमायला लागलं.

वार्षिक परीक्षेचा दिवस उजाडला. पाडसं पाण्याच्या कडेला रांगेत उभी राहिली. पालक मागे.

सरांनी फांदीवरून बजावलं, "शेजाऱ्याच्या उत्तरात डोकवायचं नाही. उत्तर तोंडातून फुटता कामा नये. एकजण जरी बोलला, तरी कॉपी समजून अख्खा पेपर रद्द!"

पालकांनी माना डोलावल्या. शिस्त हवीच.

शेवटचा प्रश्न असा होता. पलीकडच्या काठावर गवताचे चार झुबके आहेत. पाण्यात त्यांच्या जलप्रतिमा पाहा. वेगळी ओळखा आणि तिचा जो क्रमांक, तितके खूर चिखलात उमटवा. सरांनी सकाळीच तिसऱ्या झुबक्याचा शेंडा मोडून ठेवला होता.

पाडसांनी पाण्यात पाहिलं. तिसऱ्याचा शेंडा मोडका होता खरा. पण चौथ्या झुबक्याला दोन कान आणि मिशा होत्या.

तो वाघ होता. आणि बाळांनो, सरांच्या शिकवण्याला नावं ठेवू नका, एकही पाडस चुकलं नाही. प्रत्येकाने चार खूर उमटवले आणि शेजाऱ्याला दिसू नयेत म्हणून जो तो त्यावर आडवा उभा राहिला. पालकांनाही वाघ दिसला. आपल्या पोराला उत्तर आलं, या आनंदात ते गप्प राहिले. सरांनाही दिसला. पण परीक्षकानेच उत्तर फोडायचं म्हणजे काय? तीन आणि चार दोन्ही उत्तरं ग्राह्य धरावीत का, याचा ते विचार करू लागले.

चौथी आकृती काठाकाठाने अलीकडे सरकू लागली.

कस्तुराने पुढे होऊन लेकीची शेपटी तोंडाने ओढली.

"मंजे, चल!"

"आई, जा ना! कॉपी धरतील," मंजिरी कुजबुजली. "मला उत्तर आलंय गं. पहिल्यांदाच आलंय."

कस्तुराला लेकीचा अभिमान वाटला. आणि लगेच त्या अभिमानाची इतकी शरम वाटली की तिने सगळा जीव गोळा करून किंकाळी फोडली.

"वाघ! अरे मेल्यांनो, वाघ आहे तो!"

कळप उधळला. वाघाची झेप रिकाम्या चिखलात पडली आणि सगळ्यांची उत्तरं पुसली गेली.

संध्याकाळी टेकडीवर पालकसभा भरली. सगळे जिवंत असल्यामुळे उपस्थिती चांगली होती.

"आमच्या बाळूचं उत्तर बरोबर होतं," एक शिंगाळा बाप कडाडला. "या बाईने ते सगळ्यांना फुकट सांगून टाकलं!"

"ढ पोरंसुद्धा वाचली हो," एक आई हुंदके देत म्हणाली. "मग आमच्या पोरीने एवढा अभ्यास कशाला केला?"

पेपर रद्द झाला. कस्तुराला कळपातून काढलं. ती मंजिरीला घेऊन माळावरच्या नीलगाईंकडे राहायला गेली. नीलगाई अगदीच अडाणी. तिथे कुणालाही काहीही दिसलं की तो सरळ ओरडतो. मंजिरी बरेच दिवस आईशी बोलली नाही.

इकडे फेरपरीक्षा ठरली. या वेळी कडक पर्यवेक्षक हवा होता. शांतता राखणारा, वशिल्याला न बधणारा, प्रत्येक पाडसावर बारीक नजर ठेवणारा. वाघाने अर्ज केला. मुलाखतीत तो एक शब्दही बोलला नाही, म्हणून त्याचीच निवड झाली.

पेपर फार शांततेत पार पडला. कुणीही कुणाला काहीही सांगितलं नाही. निकालही उत्तम लागला. उरलेली सगळी पाडसं मधोमध उभी राहिली, कारण कडेला उभं करायला कुणी शिल्लकच नव्हतं.

मंजिरीने ते माळावरून पाहिलं. ती आईच्या पोटाशी येऊन बसली.

"आई, माझं उत्तर बरोबर होतं ना?"

"बरोबर होतं, बाळा," कस्तुरा म्हणाली आणि तिला चाटत राहिली.

तात्पर्य: परीक्षेत शेजाऱ्याला उत्तर कधीही सांगू नये. सांगितलं तर शेजारी वाचतो, आणि पुढच्या परीक्षेला पुन्हा आपल्याशी स्पर्धा करायला हजर होतो.