परकं बोट

साल दोन हजार तेवीस. माझं वय बहात्तर, आधार कार्डावर एकोणसत्तर. त्या साली मी एका माणसाला पाखराची माफी मागताना पाहिलं.

माणूस म्हणजे आमच्या गल्लीतला सोपान. परतूरच्या बाजारात उभा जन्म बैलांची दलाली केली. उपरण्याखाली हात घालायचा, बोटं दाबून सौदा ठरवायचा. आवाज असा की बैल दचकायचे. कुणापुढं कधी चूक कबूल केली न्हाई. माझ्या गळ्यात लंगडा गोऱ्हा मारला, तर म्हणला, "अण्णा, तुमचं अंगण तिरपं हाय."

अन् तोच माणूस आता पिंजऱ्यापुढं मांडी घालून, बोटाचं रगत पुसत म्हणून राह्यला, "चूक माझीच हाय, बाईसाहेब."

बाईसाहेब म्हणजे लवबर्डचं पिल्लू. मुठीत मावंल एवढं, हिरवं, चोच अडकित्त्यासारखी. सोपानची नात सुट्टीत पुण्याहून घेऊन आल्ती. ते तिलाच चावलं. तशी सून सोपानला म्हणली, "मामा, दिवाळीला आम्ही येऊ, तवर सुधरलं तर ठीक. न्हाई तर कुणाला देऊन टाका." पोरगी रडत गेली.

मंग पाखराची शाळा सुरू झाली.

मी खोंडं वठणीवर आणलेला माणूस. सांगाया गेल्तो, "चोचीवर एक टिचकी मार, बराबर ध्यानात राहील." तर सोपाननं माझ्यावरच डोळे वटारले. मारायचं न्हाई. वरडायचं बिलकुल न्हाई, वरडलं की तिला गंमत वाटती. बोट झटकायचं न्हाई. चावली की हळूच खाली ठेवायची अन् तोंड फिरवायचं. न्हाई चावली तर बाजरीच्या कणसातला दाणा. हे सगळं नातीनं फोनवर शिकवलेलं.

एकदा मी पावसापाण्याचं बोलत होतो अन् हा भिंतीकडं तोंड करून बसलेला. मी उठून चप्पल घातली.

"बसा हो अण्णा," तो भिंतीलाच म्हणला. "तुमच्यावर न्हाई, तिच्यावर रुसलोय. हळू बोला, तिला वाटंल राग गेला."

त्यात भीतीनं हातावर उपरणं टाकून पिंजऱ्यात हात घालायचा. उपरण्याखाली गेली की ह्याची बोटं आपोआप चाळवायची, जन्माची सवय. पाखराला खाली काहीतरी वळवळताना दिसायचं, ते कचकन चावायचं. मी म्हणलो, "अरे, सौदा करून राह्यलास काय तिच्याशी? उपरणं काढ." काढलं. हळूहळू चावणं थांबलं. पण त्यात माझं नाव कुणी काढलं न्हाई.

दिवाळी तोंडावर आली तर सोपानचा चेहरा पुन्हा उतरलेला.

"आता काय? चावत न्हाई ना?"

"मला न्हाई चावत. काल दूधवाल्याला चावली." कणीस हातात फिरवत राह्यला. "परक्या बोटाची सवय लागाया पाहिजे. रोज. ते कुठून आणू? घरवाली गेली तवापासून ह्या घरात माझाच एक हात हाय, अण्णा. पोरीला पुन्हा चावली तर पाखरू जाईल. मंग पोरगी इथं कशाला येईल, मला बघाया?"

मला रागच आला. रोज मी ह्याच्या ओट्यावर बसतो, ह्याचा पाणचट चहा पितो, अन् ह्याला परकं बोट दिसंना. मागितलं असतं तर न्हाई म्हणलो असतो, ती गोष्ट वेगळी. उठून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबाखूचा वास जावा म्हणून हात साबणानं घासून धुतले अन् त्याच्याकडं गेलो. त्याला काही विचारलं न्हाई. पिंजऱ्याचं दार उघडलं, खालून, पोटापाशी, हळूच बोट नेलं. बाईसाहेबांनी एका डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं अन् कचकन चावा घेतला.

मी वरडलो न्हाई. बोट झटकलं न्हाई. भिंतीकडं तोंड करून बसलो.